पुस्तक मोबाइलवरून मागवायचं की दुकानातून घ्यायचं? सूट कुठून येते आणि घेताना काय बघायचं, वाचा

वडवणी : भरतीचं जाडजूड पुस्तक असो की दहावीचं गाइड, आता पिनकोड टाकला की ते घरपोच येतं, तेही छापील किमतीपेक्षा कमी दरात. मग तालुक्याच्या गावातल्या पुस्तक-स्टेशनरी दुकानाचं काय होतं?

सुरुवातच पुस्तकांपासून
अमेझॉननं अमेरिकेत १९९५ मध्ये विक्री सुरू केली ती पुस्तकांचीच. आपल्याकडं फ्लिपकार्टही २००७ मध्ये बंगळुरूत पुस्तकं विकतच उभं राहिलं. पुस्तक नासत नाही, फुटत नाही आणि त्यात साइजची भानगड नाही. पुढं मोठ्या शहरांतल्या दुकानांनाही झळ बसली. मुंबईचं १९४८ पासूनचं स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये बंद झालं.

सूट कुठून येते?
छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, त्यामुळं फरक कराचा नाही. फरक कमिशनचा आहे. किंमत प्रकाशक ठरवतो आणि विक्रेत्याला त्यावर कमिशन देतो. गावातल्या दुकानदाराला त्यातूनच भाडं, लाइटबिल आणि गाडीभाडं काढावं लागतं. ऑनलाइन विक्रेता एकाच गोदामातून गठ्ठ्यानं माल काढतो, म्हणून कमिशनचा मोठा भाग सोडू शकतो. फ्रान्समध्ये नव्या पुस्तकावर ५ टक्क्यांपेक्षा जास्त सूट देता येत नाही, असा कायदा १९८१ पासून आहे. भारतात असं बंधन नाही.

दुकानाकडं काय उरतं?
सरकारी व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्येही फुकट आहेत. दुकानाकडं उरतात वह्या, गाइड, वरच्या वर्गांची आणि भरतीची पुस्तकं. यातली महागडी पुस्तकंच आधी मोबाइलवर जातात. पण चाळून बघणं, पान फाटकं निघालं तर लगेच बदलून घेणं, ओळखीवर चार दिवस उधारी या गोष्टी दुकानातच होतात. नुसत्या वह्या-पेनांवर दुकान चालत नाही. ते बंद पडलं, तर ऐनवेळी लागणाऱ्या पुस्तकासाठी बीड गाठावं लागेल.

घेताना हे बघा
• डिलिव्हरी चार्ज धरून एकूण किंमत किती होते?
• आवृत्ती कोणत्या वर्षाची? भरतीच्या पुस्तकात जुनी आवृत्ती स्वस्त दिसते, पण अभ्यासक्रम बदललेला असू शकतो.
• विक्रेता कोण? अमेझॉन, फ्लिपकार्टवर माल बहुतेक वेळा वेगळाच विक्रेता विकतो. त्याचं नाव आणि परत घेण्याची मुदत वाचा.
• छपाई पुसट, कागद हलका असेल तर प्रत बनावट असू शकते. अशा प्रती विकणं कॉपीराइट कायद्यानं गुन्हा आहे.
• पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तिसरा मार्ग : टपाल
थेट प्रकाशकाकडूनही पुस्तक मागवता येतं. टपाल खात्यानं १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पार्सल कुठवर आलं तेही ऑनलाइन कळतं.

ऑर्डर टाकण्याआधी दुकानदाराला एकदा विचारून बघा, "मागवून द्याल का, कितीला?" बरेच दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाला थोडीफार सूट देतात. डिलिव्हरी चार्ज धरला तर कधीकधी फरक दहा-वीस रुपयांचाच उरतो.