तळटीप १७ : ‘सोवळे सुटले’
१७. सोवळे : स्नानानंतर धुतलेले, कोणाचा स्पर्श न झालेले वस्त्र नेसून स्वयंपाक व पूजा करण्याचा ब्राह्मणी घरांतील रिवाज. त्यासाठी लुगडे आढ्याजवळच्या दांडीवर काठीने वाळत घालत. मूल जरी शिवले तरी पुन्हा आंघोळ. रेशमी मुकटा चाले. येथे उल्लेख लक्ष्मीबाई टिळकांचा (१८६८–१९३६) आहे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही काळ वेगळ्या राहिल्या. पुढे पतीकडे आल्या तरी सोवळे सोडले नव्हते, चूल वेगळीच होती. जातिभेद मनातून गेला तो टप्प्याटप्प्याने, आणि त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. वाचक हा क्रम बहुधा उलटा धरतात. ‘नवा जन्म’ हा पुढील ओळीतील शब्द ख्रिस्ती परिभाषेतला आहे (योहान, अध्याय ३ : येशू व निकदेम यांचा संवाद), पुनर्जन्माशी त्याचा संबंध नाही. लक्ष्मीबाईंची हकिगत त्यांच्याच ‘स्मृतिचित्रे’त आहे; ती मुळातून वाचावी.