खाणकामगारांचीं चार घरें

राजवाडे व किल्ले जपले जातात. श्रमिकाचें घर मात्र बहुधा त्याच्यामागोमाग नाहींसें होतें. वेल्समधील 'व्रॉन हाइल' ही चार घरांची ओळ या नियमाला अपवाद आहे. ज्या जातीच्या दगडाची आपल्याकडे शाळेंतील पाटी होत असे, त्याच जातीचा दगड एकोणिसाव्या शतकांत उत्तर वेल्सच्या डोंगरांतून निघून दूरदूरच्या घरांवर छपरासाठीं चढत असे. तो काढणाऱ्या कामगारांचीं हीं घरें तानग्रिश्याय या गांवचीं. तीं दगड दगड सुटा करून लानबेरिसच्या संग्रहालयांत आणलीं गेलीं व 1999 सालीं पुन्हां उभीं राहिलीं.

तेथें तीन घरांत तीन काळ मांडलेले आहेत. पहिल्यांत 1861 सालचें, धंद्याच्या चढत्या दिवसांतील तानग्रिश्याय आहे. दुसऱ्यांत 1901 सालचें बेथेस्डा आहे. तेथील पेनरिन खाणींत 1900 च्या नोव्हेंबरांत सुरू झालेला झगडा तीन वर्षें चालला. 1901 च्या जूनमध्यें कांहीं जण कामावर परतले. तेव्हां उरलेल्यांनीं आपल्या घरांत फितूर नाहीं, अशीं पत्रकें खिडक्यांत लावलीं. गांव दुभंगलें तें पिढ्यान्‌पिढ्या. तिसऱ्यांत 1969 सालचें, म्हणजे दिनॉर्विग खाण बंद पडली त्या वर्षींचें लानबेरिस आहे.

येथें आक्षेप येतो कीं, बेथेस्डाचा संप तानग्रिश्यायच्या भिंतींनीं पाहिलाच नाहीं. मग हा इतिहास कीं देखावा? आक्षेप खरा आहे, पण तो निर्णायक नाहीं. साल व स्थळ उघड सांगितलेलें असल्यामुळें येथें फसवणूक होत नाहीं. भिंतींचा इतिहास निराळा आणि त्यांच्या आश्रयानें सांगितलेला इतिहास निराळा, एवढें भान प्रेक्षकानें ठेवलें म्हणजे पुरे.

खरें भय दुसरेंच आहे. नीटनेटकी चूल व धुतलेलीं भांडीं पाहून त्या जीवनाविषयीं नुसता जिव्हाळा वाटेल, आणि दगडाची जी धूळ कामगारांच्या फुप्फुसांत साचली तिचा विसर पडेल. मालकच उरले नसल्यामुळें ज्या रोग्यांना भरपाई मागावयास जागा नव्हती, त्यांच्यासाठीं कायदा झाला तो 1979 सालीं. दिनॉर्विग बंद पडून तेव्हां दहा वर्षें लोटलीं होतीं. 2021 सालीं या प्रदेशाची जागतिक वारशांत गणना झाली. हा मान योग्यच आहे. परंतु ज्यांच्या श्रमानें तो मिळाला त्यांचें देणें किती उशिरा फेडलें गेलें, हेंही त्या चार घरांपुढें उभें राहून आठवावयास हवें.