मरणोन्मुख बालकाची परिचर्या व ‘उपेक्षा’ शब्दाचा अर्थ

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, नवव्या अध्यायाच्या अखेरीस, वैद्याची वृत्ति चार प्रकारची सांगितली आहे: मैत्री, आर्तांविषयीं कारुण्य, साध्य रोग्याविषयीं प्रीति, आणि मरणाच्या वाटेस लागलेल्याविषयीं उपेक्षा. हें शेवटचें पद वाचून, असाध्य रोग्यास, विशेषतः बालकास, आमचे पूर्वज टाकून देत असत असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष चुकीचा आहे असें आम्हांस वाटतें.

घोटाळ्याचें मूळ मराठींत आहे. मराठींत उपेक्षा म्हणजे हेळसांड. परंतु मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा हें चतुष्टय पातंजल योगसूत्रांत व बौद्ध ग्रंथांतही येतें, आणि तेथें उपेक्षा म्हणजे मनाचा समतोल. चरकानें मुदितेच्या जागीं प्रीति घातली आहे, इतकाच भेद. मरण अटळ दिसल्यावर वैद्यानें व्यर्थ उपायांचा हट्ट सोडावा व स्वतःचें चित्त ढळूं देऊं नये, एवढाच त्या पदाचा अर्थ आम्ही घेतों. रोग्यापासून उठून जावें असें त्यांत कोठेंही नाहीं. त्याच अध्यायांत परिचारकास चिकित्सेच्या चार पादांपैकीं एक पाद मानून त्याच्या गुणांत अनुराग गणिला आहे. विमानस्थानांत तर शिष्यास अशी ताकीद आहे कीं, रोग्याचें आयुष्य सरत आलें हें कळलें तरी, जेथें तें बोलल्यानें रोग्यास वा इतरांस आघात होईल, तेथें बोलूं नये. ‘इतरांस’ ह्या शब्दांत उशाशीं बसलेली आई येते.

बालकाच्या शय्येपाशीं काय घडत असे, ह्याचा उत्तम पुरावा काश्यपसंहितेंत आहे. हा कौमारभृत्याचा ग्रंथ नेपाळांतील राजगुरु पंडित हेमराज शर्मा ह्यांच्या संग्रहांतील खंडित ताडपत्रावरून १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापला गेला. आरंभींचीं व मधलीं पुष्कळ पानें नष्ट झालीं आहेत. सुदैवानें वेदनाध्याय वांचला. ज्यांस बोलतां येत नाहीं अशा बालकांच्या वेदना कशा ओळखाव्या, असा वृद्धजीवकाचा प्रश्न आहे. उत्तर असें: डोकें दुखत असतां मूल डोकें हालवितें, डोळे मिटतें, कण्हतें, कान दुखत असतां हातांनीं कान चाचपतें व झोंपत नाहीं, पोटांत शूळ असतां स्तन सोडून रडतें, पोट ताठ होतें व तोंडास घाम येतो. हा अध्याय मरणोन्मुखांपुरता नाहीं. तथापि रात्ररात्र जागून मुलाकडे पाहत बसल्यावांचून हें कोणास लिहितां आलें नसतें.

ह्याचें मोल अर्वाचीन इतिहासावरून कळतें. विसाव्या शतकांतही युरोप-अमेरिकेंत नवजात अर्भकांवर अपुऱ्या भुलीखालीं शस्त्रक्रिया होत असत. वेदनाशामक दिल्यानें त्यांच्या देहाचा क्षोभ कमी होतो, हें ऑक्सफर्ड येथील संशोधनानें १९८७ सालीं दाखविलें. पुढें १९९७ सालीं अमेरिकेंत चेहरा, पाय, हालचाल, रडणें व शांत होणें ह्या पांच खुणांवरून न बोलणाऱ्या मुलाची वेदना मोजण्याचें मान ठरलें. काश्यपानें मान ठरविलें नाहीं. पण पाहण्याची दिशा तीच होती.

शोकाकुल आईबापांच्या बाबतींत मात्र आमच्या ग्रंथांची बाजू उणी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत, दोन वर्षांच्या आंतील बालकास पुरावें व त्यास उदक देऊं नये असें आहे. पुढें, उदक देऊन पाण्याबाहेर आलेल्या आप्तांस जुने इतिहास सांगून त्यांचा शोक दूर करावा असें आहे. अक्षरार्थ घेतला तर जेथें उदक नाहीं तेथें सांत्वनही नाहीं. आमच्या लहानपणीं आमच्याच घरीं एक तान्हें मूल गेलें. थोडक्याच दिवसांत घर पूर्ववत् चालूं लागलें. आईपाशीं त्याचें नांव पुन्हां कोणी काढिलें नाहीं, आणि आम्हींही नाहीं.

१९८२ सालीं ऑक्सफर्ड येथें एका ख्रिस्ती संन्यासिनीच्या पुढाकारानें ‘हेलन हाउस’ हें मरणोन्मुख बालकांसाठीं असलेलें जगांतील पहिलें विसाव्याचें घर उघडलें. तेथें मुलाबरोबर आईबाप व भावंडें राहूं शकतात, आणि मूल गेल्यावरही त्यांचा समाचार घेतला जातो. स्मृतींत राहिलेली उणीव भरून काढणारी ही रीत होय.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. जुने रुमाल सोडतांना सनदा व राजकीय पत्रें आपण जपून ठेवितों. मुलाच्या दुखण्याचीं, रात्रीच्या जागरणाचीं व दुखवट्याचीं पत्रें ‘घरगुती’ म्हणून बाजूस पडतात. औषधांच्या बाडांचीही तीच गत. तीं टाकूं नयेत. ताडपत्राचीं जीं पानें गेलीं तीं गेलीं. हीं अजून आपल्या हातांत आहेत.