गुठळ्या फोडायच्या कशा? कापूर, नायलॉन आणि कार्बनच्या नळ्या

आज जायचंय अंबरनाथ पश्चिमेला. जांभूळ फाट्यावर एन.एस.एन. हे नॅनोटेक्नॉलॉजीचं संशोधन केंद्र. डॉ. माधुरी शेरॉन आणि सहकाऱ्यांचे नॅनोकार्बनवरचे शोधनिबंध इथल्या पत्त्यावरून निघालेत. त्याआधी, १९९४ साली, आयआयटी मुंबईच्या महेश्वर शेरॉन यांच्या गटानं चक्क कापरापासून फुलरीन बनवलं होतं. हो, आरतीचा कापूर!

पण कार्बन बनवणं वेगळं आणि तो प्लास्टिकमध्ये मिसळणं वेगळं.

१९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमांनी कार्बन नॅनोट्यूबचा शोधनिबंध छापला आणि जग हललं. पोलादापेक्षा मजबूत, वजनाला हलकी, वर वीजवाहक. मग टाका की प्लास्टिकमध्ये! केरळचे पुलिकेल अजयन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये त्या इपॉक्सीत घालून दाखवल्या. पण एक अडचण कायम राहिली. या नळ्या एकमेकींना बिलगतात. पिठलं करताना बेसन एकदम टाकलं की गुठळ्या होतात ना, तसंच. आणि गुठळी म्हणजे ताकद नाही, उलट तडा जायची जागा.

पहिला उपाय दांडगा होता : गंधकाम्ल आणि नायट्रिक आम्लात नळ्या उकळायच्या. पृष्ठभागावर कार्बोक्सिल गट उगवतात, त्यांना पॉलिमर धरून ठेवतो. १९९८ मध्ये हॅडन यांच्या गटानं याच गटांना लांब शेपटीचं अमाइन जोडलं, आणि नळ्या चक्क द्रावणात विरघळल्या. पण आम्ल भिंतीला भोकं पाडतं. नळी तुटते, आखूड होते, वीज वाहायची क्षमता घटते. म्हणजे ज्या गुणासाठी ती आणली, तोच आपण खरवडून काढतो.

इथे दुसरी वाट दिसते. २००६ मध्ये आयआयटी मुंबईच्या अरूप भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी नायलॉन-६ मध्ये नळ्या मिसळताना ६-अमिनो हेक्झॅनॉइक आम्लाचं सोडियम मीठ वापरलं. गंमत बघा, नायलॉन-६ ची साखळी ज्या कडीची बनते, तीच ही कडी! सोडियम नळीच्या पृष्ठभागाला नुसता आकर्षणानं चिकटतो, भिंत फोडत नाही. दुसरं टोक वितळलेल्या नायलॉनशी नातं जोडतं. गुठळ्या सुटतात, आणि कमी नळ्यांतच विजेची वाट जुळते.

मी कोड लिहिणारा माणूस, केमिस्ट नाही. पण अंबरनाथकरांना यातला मुद्दा सांगावा लागत नाही. वालधुनी नदी इथलीच. प्राचीन शिवमंदिराजवळून वाहते, पुढे उल्हासनगरातून जाते, आणि कारखान्यांचं सांडपाणी तिनं किती गिळलंय ते आपण बघतोच. आम्लात धुतलेली नळी स्वच्छ निघते, पण ते आम्ल कुठेतरी जातंच ना? म्हणून भिंत न फोडणारा उपाय फक्त प्रयोगशाळेचा प्रश्न नाही. तो नदीकाठच्या माणसांचाही आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर पिठलं हलवत राहा!