एकाच बरणीतलं मीठ

आमच्या सातारा-सांगलीला समुद्र नाही. पूर्वी मीठ कोकणातून लमाणांच्या बैलांवर घाट चढून वर येई. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा इकडच्या लोकांनी बिळाशीला जंगलाचा कायदा मोडला. मीठ करायला खारं पाणी कुठलं!

ज्या मिठासाठी माणसं तुरुंगात गेली, तेच आज डॉक्टर कमी करायला सांगतात. पण ते सगळ्यांना सारखं बाधत नाही.

आमचे अण्णा आणि मी एकाच बरणीतलं लोणचं खाऊन वाढलो. रक्तदाब त्यांनाच जडला. मी म्हणायचो, "अण्णा, तुम्ही चोरून मीठ खाता!" ते नुसते हसायचे. पुढे पक्षाघाताने गेले.

अमेरिकेत लुईस डाल यांनी १९६२ मध्ये उंदरांचे दोन वंश तयार केले. खाणं तेच खारट, पण एका वंशाचा रक्तदाब चढे, दुसऱ्याचा नाही. नंतर मूत्रपिंडांची अदलाबदल केली, तर रक्तदाबाचा गुण मूत्रपिंडाबरोबर गेला! माणसात मात्र हे सहसा एका जनुकाचं काम नसतं. अनेक जनुकं थोडाथोडा हातभार लावतात. शिवाय वय आणि वजनही असतंच.

म्हणजे अण्णांना मी उगाच बोल लावला. असो. पुतण्यांनो, रक्तदाब मोजून घ्या. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. लोणच्या-पापडातलंही त्यातच धरायचं, बरं का!