राजाच्या पुतळ्याच्या गोळ्या

इ. स. १७७६ च्या जुलै महिन्याच्या नवव्या तारखेस, संध्याकाळच्या सुमारास, न्यूयॉर्क शहरात जनरल वॉशिंग्टन यांच्या सैन्यापुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखविण्यात आला. तो ऐकून पेटलेला सैनिकांचा व नागरिकांचा एक जमाव थेट बोलिंग ग्रीन या हिरवळीवर गेला, आणि तेथे उंच चौथऱ्यावर घोड्यावर बसलेल्या तिसऱ्या जॉर्ज राजाच्या पुतळ्याला दोर बांधून त्याने तो खाली ओढला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात इकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्याच्या कौन्सिलने पेशव्यांच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह केला होता. म्हणजे हा काळ मराठी श्रोत्यांना अगदीच परका नाही.

हा पुतळा पडला ही गोष्ट इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत येते. पण खाली पडल्यानंतर त्याचे काय झाले, ही हकीकत त्याहून अधिक बोधक आहे. आणि तिची नायिका कोणी सेनापती नसून एका परसातली भट्टी आहे.

पुतळा लंडनच्या जोसेफ विल्टन या शिल्पकाराने घडविला होता. रोममधील मार्कस ऑरेलियस या बादशहाच्या अश्वारूढ पुतळ्याचा नमुना त्याने डोळ्यांपुढे ठेवला होता, म्हणून इंग्लंडच्या राजाच्या अंगावर रोमन पोशाख होता. १७६६ मध्ये स्टँप कायदा रद्द झाला, त्याच्या कृतज्ञतेपोटी न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने तो मागविला, आणि १७७० मध्ये तो उभा राहिला. अवघ्या सहा वर्षांत कृतज्ञता ओसरली! पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. पुतळा वरून सोन्याच्या मुलाम्याने झळकत असला तरी आतून तो शिशाचा होता.

तो कांशाचा असता तर ही गोष्ट घडलीच नसती. कांसे वितळावयास नऊशे अंशांच्या वर उष्णता लागते. त्यासाठी भाता, मूस आणि कसबी ओतारी असा कारखान्याचा सगळा सरंजाम हवा. शिशाला तो काही नको. सव्वातीनशे अंशांच्या थोडे वर गेले की ते पाण्यासारखे पातळ होते. लाकडाच्या जाळावर ठेवलेले लोखंडी भांडे, एक पळी आणि चिमट्यासारखा मिटणारा-उघडणारा साचा, एवढ्या सामग्रीवर कोणत्याही घरात बंदुकीच्या गोळ्या पडू शकत. वसाहतींतील शेतकऱ्याच्या घरी असा साचा भिंतीला टांगलेला असे, आणि शिकारीच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या चुलीवर शिसे चढत असे. बंदुकांच्या नळ्या लहानमोठ्या असत, त्यामुळे ज्याच्या त्याच्या बंदुकीला मापाची गोळी ज्याला त्याला घरीच ओतून घेणे भाग पडे.

युद्ध सुरू झाले तेव्हा शिशाचा दुष्काळ जाणवू लागला. खिडक्यांच्या चौकटींना लावलेली शिशाची वजने, घड्याळांची वजने, जे मिळेल ते गोळा होऊ लागले. अशा वेळी साधारण चार हजार पौंड वजनाचा म्हणून सांगितला जाणारा हा पुतळा म्हणजे आयती खाणच होती. दुसऱ्या दिवशीच्या हुकुमात वॉशिंग्टन यांनी आपल्या सैनिकांना बेशिस्तीबद्दल समज दिली आणि अशी कामे यापुढे योग्य अधिकाऱ्यांवर सोपवावीत असे बजावले. शिसे मात्र कोणी परत चौथऱ्यावर चढविले नाही.

आता प्रश्न असा होता की, ते वितळवायचे कोठे? न्यूयॉर्कच्या बंदरासमोर इंग्रजी आरमार येऊन ठाकले होते आणि शहर हातचे जाणार हे दिसत होते. तेव्हा जागा किनाऱ्यापासून आत हवी, जळण मुबलक हवे, आणि घर भरवशाचे हवे. या तिन्ही गोष्टी कनेक्टिकट वसाहतीतील लिचफील्ड या डोंगराळ गावी ऑलिव्हर वॉलकट यांच्या घरी होत्या. वॉलकट हे काँग्रेसचे सभासद; प्रकृती बिघडल्यामुळे ते फिलाडेल्फियाहून घरी परतले होते, आणि जाहीरनाम्यावर त्यांची सही त्यानंतर काही महिन्यांनी झाली. पुतळ्याचे तुकडे जलमार्गाने नॉरवॉकपर्यंत आणि तेथून बैलगाड्यांतून लिचफील्डला पोहोचले.

सगळे तुकडे पोहोचले नाहीत. राजनिष्ठ लोकांनी वाटेत त्यांतले काही लांबविले. नॉरवॉकच्या उत्तरेस असलेल्या विल्टन गावच्या दलदलीत एकोणिसाव्या शतकात घोड्याची शेपटी आणि इतर तुकडे सापडले, ते न्यूयॉर्कच्या इतिहास संस्थेत ठेवलेले आहेत. १९९१ मध्ये त्याच गावी हाताचाही एक तुकडा मिळाला. राजाचे मस्तक तर लिचफील्डच्या वाटेला लागलेच नाही. जॉन माँट्रेसर या इंग्रज अधिकाऱ्याने ते चोरून आणवून जमिनीत पुरविले, पुढे इंग्लंडला पाठविले, आणि १७७७ च्या नोव्हेंबरात लॉर्ड टाउनशेंड यांच्या लंडनच्या घरी ते पाहिल्याची नोंद मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर टॉमस हचिन्सन यांनी आपल्या रोजनिशीत केली आहे.

वॉलकट यांच्या घरी मालाचा ढीग पडला तेव्हा स्वयंपाकघरातली चूल या कामाला पुरणार नाही हे उघड होते. एका भांड्यात मावणारे शिसे आणि गाडीभर शिसे यांत फार अंतर आहे. शिवाय लाकडी घरात दिवसेंदिवस जाळ धगधगत ठेवणे धोक्याचे, आणि वितळलेल्या शिशाची वाफ पोटात जाणे त्याहून धोक्याचे. म्हणून घराशेजारच्या सफरचंदाच्या बागेत या कामापुरती एक छपरी उभारण्यात आली. त्या काळच्या माणसांनी शिशाच्या विषाचा किती विचार केला असेल ते असो. पण जागा त्यांनी उत्तम निवडली. वॉलकट यांचा मुलगा फ्रेडरिक याच्या आठवणीप्रमाणे वडिलांनी लाकूडफोडीच्या कुऱ्हाडीने राजाचे तुकडे केले, आणि घरातल्या मुलींनी हसतखेळत गोळ्या ओतल्या.

ते ‘हसतखेळत’ ही म्हाताऱ्या माणसाची बालपणाची आठवण आहे. काम तसे नव्हते. भांड्यावर तरंगणारी मळी सारखी काढावी लागते. साचा थंड असला तर गोळीवर सुरकुत्या पडतात, म्हणून पहिल्या काही गोळ्या पुन्हा भांड्यातच टाकाव्या लागतात. पाण्याचा एक थेंब जरी त्या रसात पडला तरी तो स्फोट होऊन अंगावर उडतो. गोळी निघाली की तिचे देठ कापायचे, कागदाच्या सुरळीत दारू आणि गोळी भरून काडतूस वळायचे, आणि पुन्हा पळी उचलायची.

या कामाचा हिशेब वॉलकट यांच्या कागदपत्रांत राहिला आहे, आणि तो एखाद्या धान्याच्या यादीसारखा कोरडा आहे. श्रीमती मार्व्हिन, ६,०५८ काडतुसे. रूथ मार्व्हिन, ११,५९२. वॉलकट यांची कन्या लॉरा, ८,३७८. तिची धाकटी बहीण मेरी अ‍ॅन, १०,७९०. फ्रेडरिक, ९३६. श्रीमती बीच, १,८०२. इतर किरकोळ माणसांनी मिळून केलेली, २,१८२. शेवटच्या दोन किरकोळ रकमा धरून एकूण बेरीज ४२,०८८.

मेरी अ‍ॅन तेव्हा अकरा वर्षांची होती. फ्रेडरिकला नववे वर्षही पुरे झाले नव्हते. सर्वांत मोठा आकडा रूथ मार्व्हिनच्या नावापुढे आहे. सही करणाऱ्या वॉलकट यांचे चित्र आणि चरित्र उपलब्ध आहे. रूथच्या वाट्याला इतिहासात हा एक आकडा आला. पौंडाला सोळा ते वीस गोळ्या धरल्या तर बेचाळीस हजार गोळ्यांना दोन ते अडीच हजार पौंडांच्या आसपास शिसे लागले असावे. उरलेल्या शिशाचा काही भाग तरी विल्टनच्या दलदलीत आणि लॉर्ड टाउनशेंडच्या दिवाणखान्यात गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

१८५० नंतरच्या काही वर्षांत योहानेस ऊर्टेल या चित्रकाराने पुतळा पाडण्याच्या प्रसंगाचे एक चित्र रंगविले, आणि तेच पुढे लोकांच्या मनात ठसले. त्यात दोर ओढणाऱ्या गर्दीभोवती स्त्रिया आणि मुलेही उभी आहेत. समकालीन वृत्तान्तांत ती गर्दी सैनिकांची आणि शहरातल्या पुरुषांची आहे. स्त्रिया आणि मुले जेथे खरोखर होती, त्या सफरचंदाच्या बागेचे चित्र काढावे असे ऊर्टेलला सुचले नाही.

हिशेबाच्या कागदातल्या त्या शेवटच्या दोन रकमा लहान आहेत. लिचफील्डच्या गावरक्षकांना धोक्याची हाक आली तेव्हा दिलेली, ५०. कर्नल विगल्सवर्थ यांच्या पलटणीला दिलेली, ३००.