दहा रुपयांची खोली

मुंबईबाहेर वाढलेल्या माणसाला 'पागडी' म्हणजे काय हे समजावून सांगणं महाकठीण. जागा विकत घेतली का? नाही. मग भाड्याची? हो. मग एवढे लाखो रुपये कसले दिले? इथे समोरचा गप्प होतो, आणि आपणही!

हे कोडं सोडवायचं तर चाळीच्या मालकाची वही उघडावी लागते. समजा, १९४० साली वीस खोल्यांची एक चाळ आहे आणि खोलीला महिना दहा रुपये भाडं. म्हणजे दोनशे रुपये जमा. त्यातून पालिकेचा कर, झाडूवाल्याचा पगार, कर्ज काढून चाळ बांधली असेल तर त्याचं व्याज, दर पावसाळ्याआधी कौलं आणि जिन्याची डागडुजी. उरेल तो नफा. कोकणातून, घाटावरून गिरणीत कामाला येणाऱ्यांची रीघ लागलेली, त्यामुळे खोली रिकामी राहायची भीती नाही. हिशोब जमत होता.

पण टंचाई आली की मालक भाडं वाढवणार, हेही खरं. पहिल्या महायुद्धात तेच झालं आणि १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा कायदा आला. त्याने जुन्या जागांचं 'प्रमाण भाडं' १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. भाडेकरूला सहजासहजी काढता येईना. कारकुनाच्या, गिरणी कामगाराच्या डोक्यावरचं छप्पर या कायद्याने राखलं, हे विसरून चालणार नाही. तो होता तात्पुरता, पण मुदतवाढ मिळत मिळत पन्नासेक वर्षं टिकला.

आता वही पुन्हा बघा. गवंड्याची मजुरी वाढली, सिमेंट वाढलं, कर वाढले. जमा मात्र दोनशेच! मग मालकाने दुरुस्तीवरचा हात आखडता घेतला आणि पागडीकडे वळवला. भाडेकरू बदलताना नवा माणूस जी रोख रक्कम मोजायचा, त्यातला एक हिस्सा मालकाचा, बाकीचा जुन्या भाडेकरूचा. कायद्याने हा गुन्हा होता, तरी व्यवहार सर्रास चालायचा. थोडक्यात, जे पैसे दरमहा भाडं म्हणून येऊन इमारतीला लागायला हवे होते, ते एकदम येऊन दोघांच्या खिशात गेले.

इमारती पडू लागल्या तेव्हा सरकारने १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ उभारलं आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. 'उपकरप्राप्त इमारत' हा शब्द तिथला. पुढे १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ३३(७) कलमाने वेगळी वाट काढली. जुनी इमारत पाडा, भाडेकरूंना नवी घरं द्या आणि वरचं जादा चटईक्षेत्र विकून खर्च भागवा. भाड्यातून न निघालेला पैसा आता आभाळातून काढायचा!

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतरचा १९९९ चा कायदा २००० मध्ये लागू झाला. पागडी कायदेशीर झाली, भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. दहा रुपयांवर चार टक्के म्हणजे चाळीस पैसे. त्यात कौल सोडा, खिळाही येत नाही.

असो. या गोष्टीत कुणी मालकाला खलनायक ठरवतं, कुणी भाडेकरूला. मला वाटतं, दोघांनी आपापल्या परीने तग धरला. भाडेकरूला स्वस्त खोली मिळाली, मालकाला पागडी. वाटणीत काहीच आलं नाही ते फक्त त्या लाकडी जिन्याच्या. आणि रोज त्याच्यावरूनच तर सगळ्यांना चढायचं होतं.